गाऱ्हाण्यातला खोकला

घाटकोपर, भटवाडी
नागपंचमी

तीर्थस्वरूप राजारामदादांस,

धाकट्या धोंडूचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, वहिनींचा दमा आणि परसातला फणस, तिघांची खुशाली कळवावी. (इथवरचं 'तुम्ही' पत्राच्या मानाचं. पुढे तूच लिहितो, नाहीतर वाचता वाचता मागे वळून बघशील, कुणाला लिहिलंय म्हणून.)

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तुला दोन मिनिटांच्या वर दम नसतो. 'काय ता बोल' म्हणतोस आणि मी बोलायला लागलो की ठेवतोस. विषय मोठा आहे. गेल्या वर्षी विसर्जनानंतर पडवीत बसून तू विचारलं होतंस, आपल्या दोघांनंतर गणपतीपुढे घराण्याचं गाऱ्हाणं कोण घालणार? तुझा विशाल तोंडातल्या तोंडात पुटपुटतो आणि माझ्या राजेशला 'बा देवा म्हाराजा'च्या पुढे एक अक्षर येत नाही. तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. आज छाती पुढे काढून लिहितोय.

राजेशची श्रुतिका तुला ठाऊक आहेच, पण तिचा चेहरा तू नीट पाहिला असशील की नाही शंका आहे, कारण तो कायम मोबाईलात. वय तेरा. फोनमध्ये तीनशे मैत्रिणी, पण दोन वर्षांत आमच्या दारावरची बेल तिच्यासाठी एकदाही वाजली नव्हती. चाळीत होतो तेव्हा पोरं न विचारता आत शिरून डब्यातले लाडू खायची. आता टॉवर झाला, चौदा मजले आणि सगळी दारं बंद. काही विचारलं की 'हं'. पोरगी एकटी पडतेय या विचाराने मला जेवण गोड लागेना. मी चार्जर देव्हाऱ्यामागे लपवून ठेवला. दोन दिवसांनी ती सकाळ-संध्याकाळ देवापुढे हात जोडून बसायला लागली. तुझ्या भावजयीने, वनमालेने, आनंदाने शेजारी सांगितलंसुद्धा. (देव्हाऱ्यामागेच प्लग आहे, हे आम्हां दोघांच्याही लक्षात आलं नाही.)

शेवटी मी वरच्या कोर्टात गेलो. सव्वीस जानेवारीला सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असते आणि गाऱ्हाण्याचा मान माझा. सगळा टॉवर जमलेला. मी आवाज लावला, "बा देवा म्हाराजा, ह्या पोरांच्या हाताक जो काय मोबाईल चिकाटलो हा, तो बंद पाड, आणि पोरांका एकमेकांच्या घराक जावची बुद्धी दी रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आईबापांनी असा गजर केला की मांडव हलला. पोरंही ओरडली, मोबाईलवरची नजर न काढता. मग मी नमस्काराला वाकलो आणि माझ्या सदऱ्याच्या खिशातला फोन सरळ तीर्थाच्या पातेल्यात गेला. तो बंद पडला तो कायमचा. पोरांच्या फोनांना काही झालं नाही.

श्रुतिकाने हे सगळं मोबाईलवर टिपलं आणि टॉवरच्या पोरांच्या ग्रुपवर टाकलं. आठ दिवस पोरं मला लिफ्टमध्ये 'व्हय म्हाराजा' म्हणत होती आणि मी जिन्याने जात होतो. पण एका दुपारी बेल वाजली. दारात नवव्या मजल्यावरची निधी, गुजराती पोर. म्हणाली, "श्रुतिका है? मॅथ्स का गाऱ्हाणा करना है." त्या दिवसापासून परीक्षा आली की गाऱ्हाणं, क्रिकेटची मॅच असली की गाऱ्हाणं. आता संध्याकाळी आमच्या दारात चपलांचा ढीग असतो आणि वनमाला पोहे मापाने नाही, परातीने करते. मोबाईल सगळ्यांच्या हातात आहेतच, पण आता सगळी मिळून एकाच मोबाईलात डोकी घालतात आणि मोठमोठ्याने भांडतात. अर्धं मागणं देवाने मान्य केलं, अर्धं माझ्यावर काढलं.

आता मुख्य गोष्ट. गेल्या महिन्यात सोसायटीची नवी लिफ्ट सुरू झाली. नारळ माझ्या हातात. सुरुवात झोकात केली, गावच्या देवांतला रवळनाथ झाला, सातेरी झाली, आणि पुढे पाटी कोरी! ज्या ओळी बाबांनी मला छडी घेऊन शिकवल्या, त्या गेल्या. सेक्रेटरी शरच्चंद्र (मूळचे पार्ल्याचे) घड्याळ बघायला लागले. दादा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मागून पुढची ओळ ऐकू आली, "बारा-पाचाच्या म्हाराजा..." श्रुतिका! मान मोबाईलात तशीच खाली, पण एकही देवस्थान न चुकवता, एकही पूर्वज न गाळता तिने गाऱ्हाणं शेवटाला नेलं. मालवणीत! घरात 'हं' म्हणणारी पोर! मध्ये एका जागी ती थांबून खोकली. मला वाटलं, ठसका लागला. नंतर कळलं, तिने सगळं त्या पूजेच्या व्हिडिओवरून पाठ केलंय आणि तिथे मी खोकलो होतो. तिला वाटलं, तोही गाऱ्हाण्याचाच भाग. मी सगळ्यांसमोर रडलो. लाज वाटली नाही.

वहिनींना नमस्कार, विशालला आशीर्वाद.

तुझा,
धोंडू

ता. क. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचतो. यंदा गणपतीपुढे गाऱ्हाणं श्रुतिका घालेल. ती मुलगी आहे हे मलाही दिसतंय आणि आजवर घरात बाईने गाऱ्हाणं घातलं नाही हेही ठाऊक आहे. पण पडवीत तू विचारलं होतंस, कोण घालणार. माझं उत्तर हे.

ता. क. २. टॉवरमधली चौदा पोरं ते घाटकोपरहून मोबाईलवर बघणार आहेत आणि आपल्याकडे रेंज फक्त विहिरीपाशी येते. गणपती काही विहिरीवर नेता येणार नाही. तेव्हा विशालला सांगून घरात वाय-फाय बसवून घे. (हसू नकोस.)

ता. क. ३. खोकला काढून टाक असं मी तिला सांगितलं नाही. तूही सांगू नकोस. मी नसेन तेव्हाही तो तिथे असू दे.

ता. क. ४. उत्तराला लांबलचक पत्र नको. दोनच शब्द पुरेत, आणि ते तू प्रत्येक गाऱ्हाण्याला जन्मभर म्हणत आला आहेस.