शिवेच्या आतली उडी

१४ मार्च १९५९

पुन्हा तेच! बेरीज एक, उत्तरं दोन. डावीकडून सोडवली तर तीन, उजवीकडून तर पाच. असल्या गणिताला कोण गणित म्हणेल?

गणकयंत्रासाठी मी कागदावर जी भाषा रचतोय तिच्यात नुसती फलनं आहेत, म्हणजे काही घातलं की उत्तर देणारे नियम. कोणतंही अंग आधी सोडवा, उत्तर बदलत नाही — हेच तिचं सौंदर्य. त्यात मी 'उडी' घातली. म्हणजे अर्धवट हिशेब टाकून, हातातलं उत्तर घेऊन थेट बाहेर पडायचं. सगळा घोळ तिचा: जी उडी आधी, तिचंच उत्तर. कलकत्त्याहून गावी निघताना सर म्हणाले, "उडीला आवर घाल, नाहीतर प्रबंध विसर." जूनमध्ये शिष्यवृत्ती संपते. मग आहेच चामोर्शीच्या शाळेत मास्तरकी.

१५ मार्च

माय विचारते, "दिवसभर काय करून राह्यला रे?"

हिशेब.

"कोनाचा?"

कोणाचाच नाही.

"मंग काऊन करतस?"



१९ मार्च

चुलतभाऊ कोलूच्या अंगावर माता आली. देवीची लस टोचणारा यंदा गावाकडे फिरकलाच नाही. पुजारी इस्तारीभाऊ उद्या गाव बांधणार — शिवेवर सूत, आतला आत, बाहेरचा बाहेर, माता शांत होईपर्यंत.

गोकुळाला म्हटलं, पोरीला घे आणि आजच चामोर्शीला भावाकडे निघ. ती म्हणाली, "मीच त काल कोलूले पानी पाजून आली, पोरीले कडेवर घेऊन. आता पळून जाऊ काय जी?" मी ओरडलो. बायको झाली म्हणून दरवेळी वाद घालायचा?

शेजारच्या वारलूभाऊने गाडी जुंपली. पोरगी टाळ्या वाजवत गेली. घर खायला उठलंय.

२० मार्च

सूत बांधताना पाहिलं आणि डोक्यात लख्ख झालं! हिशेबाच्या एका तुकड्याला शीव घालायची. उडी शिवेपर्यंतच. आत क्रम ठरलेला, डावीकडून उजवीकडे. बाहेरच्याला फक्त उत्तर दिसेल. आत कोण किती उड्या मारतो, त्याला काय त्याचं!

२३ मार्च

सिद्धता झाली! गावाचं सूत सुटलं की सरांना पाठवतो. गोकुळा असती तर तिला सांगितलं असतं. कळलं नसतं तिला, पण हसली असती.

२७ मार्च

गेलं. सगळं गेलं.

उत्तर म्हणजे संख्याच, असं धरून चाललो होतो. माझ्या भाषेत उत्तर फलनही असतं! ते शीव ओलांडून बाहेर जातं, पोटात उडी घेऊन. बाहेर कोणी ते वापरलं की आतली उडी तिथे फुटते. शीव शाबूत, सूत शाबूत, आणि घोळ बाहेर. फलनं बाहेर सोडूच नयेत? मग भाषेत उरलं काय — पाढे?

खूप वेळ नदीवर बसलो. जमणार नाही मला हे.

२ एप्रिल

इस्तारीभाऊने सूत सोडलं. कोलू वाचला. गावात दुसऱ्या कोणाला लागण नाही. "पाह्यलं काय भाऊ, बांधलं म्हनून राह्यलं," म्हणाला. माय नारळ घेऊन गेली. वारलूभाऊला गोकुळाला आणायला पाठवलं.

४ एप्रिल

वारलूभाऊ गाडी रिकामीच घेऊन आला. "पोरीच्या अंगावर माता हाये," म्हणाला. चामोर्शीतली पहिली. मी पाठवली.