तीन नंबरचं बटण

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून वाकत नाही, त्यामुळे नमस्कार खुर्चीतूनच केलाय, तू तो पुरा धरून घे.) तुझी कंबर, भाऊजींचा खोकला आणि तुमच्या मोरीतला गळका नळ, तिघांपैकी कोणी बरं झालं असल्यास कळव.

पत्राचं कारण तुझी लेक, आपली टिल्ली. घाबरू नकोस, ती ठणठणीत आहे. घाबरलोय तो मी. तीस वर्षं मी विमान नियंत्रण कार्यालयाच्या तळमजल्यावर बसून आकाशाचे नकाशे काढतोय. (आकाशाचे तुकडे पाडलेले असतात, एकेक तुकडा एकेका नियंत्रकाच्या ताब्यात. त्याला सेक्टर म्हणतात. त्याच्या हद्दी आखायच्या मी, आणि मी विमानात एकदाही बसलेलो नाही, हे भाऊजींना सांगू नकोस.) तिसऱ्या मजल्यावर टिल्ली खरीखुरी विमानं सांभाळते, पण तो जिना मी कधी चढलो नव्हतो. गेल्या सोमवारी साहेबांनी चढवला. टिल्लीच्या सेक्टरवर ताण फार आहे अशी कुणकुण होती. हद्द बदलायची की नाही हे ठरवण्यासाठी मी दीड आठवडा तिच्या मागे बसून आकडे लिहायचे होते.

आकडे देते एक डबी. तिच्यावर एक ते सात बटणं. दर पाच मिनिटांनी डबीचा दिवा लागतो आणि नियंत्रकाने आपल्यावर किती ताण आहे ते बटण दाबून सांगायचं. एक म्हणजे निवांत, सात म्हणजे आता मला आवरत नाही. कल्पना चांगलीच आहे. फक्त ज्याने ही डबी काढली त्याने नियंत्रक नावाचा प्राणी पाहिलेला नसावा. चारच्या वर बटण दाबणं म्हणजे या मंडळींना भर चौकात चप्पल तुटल्यासारखं वाटतं. झाडून सगळे तीन दाबतात. एक गृहस्थ तर चहा पितानाही तीन दाबत होते, सवय मोडू नये म्हणून.

आता कालचं सांगतो. दुपारी टिल्लीच्या पडद्यावर एकवीस ठिपके होते, आणि मधोमध वादळी ढग येऊन बसला, लग्नघरातल्या रुसलेल्या मामासारखा. (मी तुमच्याकडे तसा बसलो होतो, ते विषयांतर नको.) सगळी विमानं त्याला वळसा घालायला लागली, आणि वळसा येतो नेमका 'कोपऱ्या'तून. कोपरा म्हणजे टिल्लीची हद्द जिथे शेजारच्या सेक्टरमध्ये उगाच अंगठ्याएवढी घुसते ती जागा. विमान शेजाऱ्याकडून टिल्लीकडे येतं आणि पाऊण मिनिटात पुन्हा शेजाऱ्याकडे जातं. प्रत्येक वेळी ताबा घ्या, बोला, नोंदवा, ताबा द्या. मी हळूच पाळीप्रमुखांना विचारलं, हा कोपरा ठेवलाय कशाला? ते गंभीरपणे म्हणाले, "जुन्या लोकांनी फार विचार करून ठेवलाय. नव्या पोरांना आम्ही तो पहिल्या दिवशी शिकवतो."

ताई, मी थक्क झालो. टिल्ली एकाला खाली उतरवत होती, दुसऱ्याला डावीकडे वळवत होती, तिसऱ्याला जरा दमाने घ्या म्हणत होती, आणि आवाज कसा, तर भाजीवाल्याला कोथिंबीर ताजी आहे ना असं विचारावं तसा. एकेका ठिपक्यात दीडदोनशे माणसं. कोणी घोरतंय, कोणी खिडकीसाठी भांडतंय, आणि त्यातल्या एकालाही ठाऊक नाही की आपल्याला वाट काढून देतेय ती मुलगी, जिला आपण दुधाचा पेला दोन्ही हातांनी धर म्हणून ओरडायचो. तेवढ्यात डबीचा दिवा लागला. आता ही सात दाबणार म्हणून मी पेन्सिल सरसावली. तिने न बघता तीन दाबलं.

पाळी बदलल्यावर कँटीनमध्ये बसलो. तिने बिस्किटांचा पुडा घेतला आणि तिला तो उघडेना. दोनदा हातातून निसटला. मी फोडून दिला. ती म्हणाली, "मामा, आईला सांगू नकोस हं." (म्हणून मी सांगत नाहीये, लिहितोय.)

आतापर्यंतच्या आकड्यांची सरासरी आली तीन. साहेब खूश. म्हणाले, एवढी निवांत असेल तर शेजारचा अर्धा सेक्टरही हिलाच जोडू. शुक्रवारी बैठक आहे, आणि डबी गुरुवारपर्यंत टेबलावर असणार.

भाऊजींना नमस्कार, नळाला शुभेच्छा.

तुझा,
भाऊ

ता. क. कोपऱ्याबद्दल. फार विचार करणारे जुने लोक म्हणजे मी. तेव्हा नकाशे हाताने निघायचे. हद्दीची रेघ ओढत असताना तुझ्या घरून फोन आला, मुलगी झाली. मी घाईघाईने उरलेली रेघ ओढली आणि कागदाला लावलेली ड्रॉइंग पिन काढायची सोडून तिला वळसा घातला. साहेबांनी सही केली. सव्वीस वर्षं विमानं माझ्या पिनेला वळसा घालतायत.

ता. क. २. शुक्रवारी हे भर बैठकीत सांगणार आहे. निवृत्तीला चार महिने उरलेत, हसतील तर हसोत. पण नुसती पिन काढून भागायचं नाही, तिचे आकडे खरे हवेत. मी समजावलं तर म्हणाली, "मला जमतंय, मामा." हे कोणाचं वाक्य आहे ते तुला सांगायला नको. कंबर धरून पाणी भरतानाही तू हेच म्हणतेस.

ता. क. ३. म्हणून हे पत्र टपालाने न पाठवता ऑफिसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. उद्या बुधवार, सकाळीच तिला फोन कर. कशी आहेस असं विचारू नकोस, मजेत म्हणेल. आधी तुझी कंबर खरी किती दुखते ते सांग, एक ते सातमध्ये. मग तिला तिचा आकडा विचार.