मायचे फोड

३ फेब्रु., तेर
मायच्या मांड्यांवर, पोटावर पाण्याचे फोड. आठवडा झाला म्हणे, मला आज दाखवले. शेजारच्या काकूंनी नागीण ठरवून गेरूही लावला. नागीण एकाच बाजूला उठते, हे दोन्हीकडं. तसं बोलले तर माय म्हणाली, "तू शाळंत शिकव, हितं नको."

६ फेब्रु.
रजा टाकून धाराशिवला, चामडीच्या डॉक्टरांकडं. तिथं बघते तर एकही फोड शिल्लक नाही! मायनं पहाटे सगळे सुईनं फोडून, घासून अंघोळ केलेली. "डॉक्टरपुढं असलं अंग घेऊन कसं जावं?" तपासायला ताजा, न फुटलेला फोड लागतो. इतकी चिडले.
डॉ. म्हणाले, दोन रोग असू शकतात. दोन्हींत शरीर आपल्याच कातडीवर उठतं. पेम्फिगस : फोड लेचेपेचे, लगेच फुटतात, बहुधा तोंडातून सुरुवात. हा जड. पेम्फिगॉइड : फोड टणक, खाज फार, म्हातारपणी होतो. त्यातल्या त्यात बरा.
"आजी, फोड टणक होते का मऊ?"
"सुई लावली की फुटले."

८ फेब्रु.
नवा फोड नाही. नमुना घेईपर्यंत मोठी औषधं थांबवलीत. आईला फोड यावा म्हणून रोज सकाळी अंग तपासतेय. लाज वाटते.

१० फेब्रु.
दंडावर एक आला! हरभऱ्याएवढा, टणक. हलकं दाबलं, फुटला नाही. आनंदानं रडूच आलं. सुया कपाटात, कुलूप. एसटीत तिचा दंड कुणाला लागू दिला नाही.
डॉक्टरांनी फोड नि कडेचं कातडं घेतलं. नमुना पुण्याला जाणार. टणक आहे, पण नुसत्या डोळ्यांवर ठरवता येत नाही म्हणाले. मग तोंड बघायचं होतं. माय उघडेना. "दात न्हायत, काय बघता?" शेवटी कवळी काढली. गालाच्या आत लाल चट्टा. तोंडात काही झालंय का विचारलं तेव्हा दोनदा 'काही न्हाय' म्हणाली होती.
"कवळी घासती," माय.
"असेलही," डॉ.

१४ फेब्रु.
औषध सुरू. रिपोर्टला अजून आठवडा. कवळी चार दिवस डबीत. कवळीचाच असेल तर चट्टा भरायला हवा. सकाळ-संध्याकाळ मोबाईलच्या उजेडात बघते. मला तेवढाच दिसतो.
"माय, आग कमी वाटती का?"
"तुला बरं वाटंल ते सांग, तेच म्हणते."
ओरडले तिच्यावर. ती परत तोंड उघडून बसली.