माळावरचे तीन पांढरे दगड

आबा, परवा नान्नजच्या माळावर जाऊन आले. आता तिथे मनोरा आहे, काळवीट, लांडगा आणि माळढोक यांची चित्रं काढलेल्या पाट्या आहेत. नातीचा हात धरून वर चढले तर गुडघे कुरकुरायला लागले. खाली तेच कुसळाचं गवत, तीच लांबच लांब उघडी जमीन. माळढोक कुठाय, असं नातीनं विचारलं. तिथला राखणदार म्हणाला, दिसला तर नशीब समजा. मला मात्र तुम्ही दिसत होतात, उन्हात डोळे बारीक करून बांधावर उभे.

अभयारण्य जाहीर व्हायच्या आधीची गोष्ट. बहात्तरचा दुष्काळ सरून चार-पाच वर्षं झाली होती आणि तुम्ही वनखात्यात रोजंदारीवर माळढोकांची राखण करत होतात. खात्याच्या साहेबांनी कायम करतो म्हणून शब्द दिला होता. पुण्या-मुंबईचे पाहुणे पक्षी बघायला यायचे, त्यांच्यासाठी तुम्ही दगड रचून लपण केलं होतं, भिंतीला बघायपुरत्या फटी ठेवल्या होत्या. वाट चुकू नये म्हणून सडकेपासून लपणापर्यंत चुना फासलेले दगड मांडले होते. पांढरा दगड दिसला की चालायचं, संपले की थांबायचं, हे प्रत्येकाला बजावायचात. मला शिकवलं होतं की माळढोकाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माणूस जवळ गेला तर परत येईलच असं नाही.

त्या श्रावणात अंडं लांब, गवताच्या पलीकडे होतं. मादी बसली आहे की नाही, हे रोज सकाळी बांधावरून बघून तुम्हाला साहेबांना कळवायचं होतं, आणि तुम्हाला ते दिसत नव्हतं. डोळे अधू झाल्याचं फक्त आईला आणि मला, तुमच्या लेकीला, ठाऊक. म्हणून मी रोज तुमच्याबरोबर बांधावर उभी राहायची, "बसलीय, आबा" म्हणायची आणि मग शाळेला पळायची. एका संध्याकाळी, मादी चरायला उठून गेलेली बघून मी वाटेवरचे तीन दगड उचलले आणि अंड्यापासून दहा पावलांवर नेऊन ठेवले. पांढऱ्यावर नजर धरली की तुम्हाला एकट्यालाही जागा सापडेल, असा माझा हिशोब.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना पाहुणे आले आणि लपणापाशी न थांबता पुढे दिसणाऱ्या पांढऱ्या दगडांमागून थेट अंड्यापर्यंत गेले. त्यांनी तरी दुसरं काय करावं? फोटो काढत बराच वेळ उभे राहिले. मादी उडाली ती आलीच नाही. तीन दिवसांनी साहेबांनी मला आणि आईला दारात उभं करून तुम्हाला विचारलं, दगड कुणी हलवले. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मीच ठिवलं, सायब. नजर गेलीया माजी. लई दिस झालं, सांगितलं न्हाय."

साहेबांनी तुम्हाला तिथेच कामावरून कमी केलं. घरात आल्यावर आई माझ्यावर हात उगारणार, तर तुम्ही तिला अडवलंत. म्हणालात, "माज्या डोळ्यांसाटी केलं की पोरीनं. तिला कुनी बोलायचं न्हाय." पुढे सोयऱ्याधायऱ्यांत हेच कौतुकानं सांगत राहिलात, आणि मी दरवेळी मान खाली घालून ऐकत राहिले. लोकांना वाटायचं, पोर लाजते आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तरी खरं लिहिते. तुमच्या डोळ्यांसाठी नव्हतं ते, आबा. शाळेत पंधरा ऑगस्टच्या लेझमीचा सराव चालला होता आणि रोज उशीर होतो म्हणून बाई मला मागे उभी करायच्या. मला त्या बांधावरून सुटका हवी होती, बस. त्या वर्षी मी पहिल्या रांगेत लेझीम खेळले. तुम्ही बघायला आला होतात, आणि आपली कुठली, म्हणून आईला विचारत होतात.