वरच्या खोलीतल्या मुलीचा व्हिसा

३ तारीख, सकाळी
रविवारी वाचनालयात वादविवाद: परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर कामाचा व्हिसा द्यावा का? मी 'द्यावा'च्या बाजूने. आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरू मुलीचाच प्रश्न. कोर्स संपला, लॅबमध्ये नोकरी ठरली. पण तीस तारखेच्या आत व्हिसा नाही, तर गाशा गुंडाळून मायदेशी. माझं भाषण ऐकून सरकारला फेरविचार करावाच लागेल.

४ तारीख
तिला अर्जासोबत घरमालकाचं पत्र हवंय. इथे राहते एवढंच. चार ओळी. म्हटलं, काका आहे ना! आधी भाषण.

६ तारीख
सौ. म्हणाली, भाषण गेलं खड्ड्यात, पोरीचं पत्र द्या. हिला राजकारणातलं काही कळत नाही.

७ तारीख, दुपारी
पत्र लिहिलं. तीन पानं. चार ओळींत माया मावते होय? 'ही आमच्या घरचीच. माझे गुडघे धरल्यापासून घड्याळांच्या दुकानाचं शटर हीच वर करते. हिच्यावाचून दुकान उघडत नाही.' माझेच डोळे पाणावले. तिला न दाखवता थेट व्हिसा ऑफिसच्या पत्त्यावर पोस्टात टाकलं. सरप्राइज!

९ तारीख
वादविवाद. समोर रिटायर्ड पोस्टमास्तर. म्हणे, ही मुलं शिकायला येतात आणि चोरून नोकऱ्या करतात. मी मूठ आपटली: एक तरी पुरावा दाखवा! टाळ्या. (एकट्या ग्रंथपालबाईंच्या, पण जोरात.)

१४ तारीख
व्हिसा ऑफिसचं पत्र. अर्जदार विनापरवाना घड्याळांच्या दुकानात कामाला असल्याचं घरमालकाने लेखी कळवलंय, खुलासा करा. मुलगी एवढंच म्हणाली, काका, चारच ओळी सांगितल्या होत्या. सौ.ने माझ्या भाषणाचे कागद उचलून रद्दीत टाकले. ते जास्त लागलं.

१५ तारीख
बातमी गावभर झाली. पोस्टमास्तर दुकानात येऊन पुराव्याबद्दल आभार मानून गेले.

१७ तारीख
मुलीबरोबर ऑफिसात गेलो. अकरा पानी खुलासा तोंडपाठ. साहेबांनी तिसऱ्या वाक्याला थांबवलं. विचारलं, आजोबा, हिला पगार देता? म्हटलं, छे! पोटच्या पोरीला कुणी पगार देतं? मुलगी घाईघाईने म्हणाली, साहेब, मी यांची कुणी नाही, नुसती भाडेकरू. बरोबरच होतं. तरी येताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसलो.

२६ तारीख
व्हिसा मिळाला! दुकानात, शेजारी, वाचनालयात, सगळीकडे सांगितलं: शेवटी लेखणीत जोर लागतो. मुलगी पाया पडली. फ्रेम करायला निकालाची प्रत मागून घेतली.

संध्याकाळी
प्रत वाचली. खाली साहेबांचा शेरा: 'मंजूर. घरमालकाचे पत्र विचारात घेतलेले नाही.'