कोरं नाव

जळगाव,
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय मोहिनीअक्का,

नमस्कार. आम्ही इकडे मजेत, तिकडे धुळ्याला तुम्ही दोघंही खुशाल असाल. लेक गुटगुटीत आहे, अगदी तुमच्या भावावर गेली आहे. फोनवर तुम्ही रडता आणि मग माझाही जीव कावतो, म्हणून लिहिते आहे.

येत्या रविवारी बारसं. आत्याचा मान तुमचा, हे मला कुणी शिकवायला नको. पण बाळाच्या कानात नाव सांगायला ह्यांची चुलतबहीण ज्योती फैजपूरहून येते आहे. तिची दोन्ही मुलं धडधाकट. आई तुमच्याबद्दल म्हणाल्या, "तिनं दुख ताजं शे, तिले नको बलावू." तुमची सख्खी आई असं म्हणते तिथे मी कोण बोलणार? खरं सांगायचं तर विषय मीच काढला होता. ह्यांना सांगितलंय, तुम्हाला शाळेतून रजा नाही. विचारलंच तर तेवढं सांभाळून घ्या.

नाव निवेरा ठेवतोय.

हो, तेच. गेल्या वर्षी दवाखान्यात माझा हात धरून तुम्ही मला एकटीलाच सांगितलेलं. किती गोड नाव जुळवलंत! ऐकणारा प्रत्येकजण विचारतो, कुठे मिळालं? मी नुसती हसते. अर्थ विचारला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "अर्थबिर्थ काही नाही गं. हाक मारली की ती वळून बघेल, तोच अर्थ." आता पत्रिकेत असं कसं छापणार? आम्ही 'घरातलं पहिलं पाऊल' असा अर्थ छापला.

राग मानू नका. तुमची लेक तिसऱ्याच दिवशी गेली. बारसंच झालं नाही, तर नाव तिला लागलं कुठे? माझी आई म्हणते, कोरं लुगडं पेटीत कुजवण्यापेक्षा कुणीतरी नेसावं. आणि डॉक्टरांनी पुढची आशा ठेवू नका म्हटल्याचं तुम्हीच सांगितलंत.

मला अपराधी वाटत नाही असं नाही. पण मला ते नाव हवं होतं, अक्का. त्या दिवशी ऐकलं तेव्हापासून हवं होतं. तुमची अजून काचेच्या पेटीत होती.

सोबत आत्याची साडी पाठवते, मोरपंखी आहे. आणि एक काम. तुम्ही नाव भरलेली ती कुंची कपाटात नुसतीच पडून असेल. शनिवारपर्यंत कुरिअरने पाठवा. आधी धुऊन घ्या.

तुमची भावजय रूपाली,
निवेराची आई