बिनसाखरेचं दूध

घनसावंगी,
थंडीचे दिवस, १९९६

तीर्थस्वरूप नंदावहिनीस,

पुंजारामचा पायाला हात लावून नमस्कार. (हात साबणानं धुतलेले आहेत. सध्या धंदाच तो आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? गाय व्याली का? दादाला माझा नमस्कार सांगा, पण नाव न घेता सांगा. म्हणजे निदान नमस्कार तरी घरात शिरंल.

मी मजेत आहे. जालन्याचे एक सर गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांना खाण्यातली भेसळ ओळखायला शिकवतात, त्यांची पेटी मी उचलतो. आत काचेच्या नळ्या न् औषधाच्या बाटल्या. मिरचीत विटेचा भुगा, हळदीत रंग, काय काय निघतं! आता बाजारात जिलेबी दिसली की आधी तिच्या रंगाचा संशय येतो. (तरी खाल्ली. त्या जिलेबीवाल्याचा भाऊ पूर्वी भोकरदनला सायकली दुरुस्त करायचा, पण ते राहू द्या.)

तर परवा एका गावात सरांनी बायांना सांगितलं, उद्या घरचं दूध आणा, आपण बघू. सगळ्याजणी लख्ख घासलेले तांबे घेऊन आल्या. सर म्हणाले, दूधवाला पाणी घालतो, मंग दाटपणा मोजायच्या कांडीला फसवायला साखर घालतो. औषध टाकून नळी गरम पाण्यात धरली की साखरेचं दूध लाल होतं. पहिली नळी लाल. दुसरी लाल. सगळ्याच लाल! मंग सरही लाल. अख्खं गाव भेसळीचं! दूधवाल्याचं नाव सांगा म्हणून ते गरजले.

"दूधवाला कशाला? म्हैस हाय ना घरी," चांगुणाबाई म्हणाल्या.

"मग साखर कोणी घातली?"

"मीच घातली की! सायेब पहिल्यांदाच गावात आले, त्यायला काय फिकं दूध पाजायचं? येवढ्या गेल्यागुजरल्या का आम्ही?"

पुष्पाबाईंनी तर वेलदोडाही घातला होता. त्या पदर खोचून म्हणाल्या, "चांगलं दूध औषध टाकून नासवलं, न् वर आमच्यावरच वरडून राह्यले!"

सर कपाळाला हात लावून बसले. मंग उरलेले तांबे आम्ही दोघांनी रिकामे केले. मी म्हणालो, काकू, रोज असंच पिता का? चांगुणाबाई हसल्या. "न्हाई रे बाबा. घरच्या लेकरायला बिनसाखरेचंच. साखर पाव्हण्याला."

वहिनी, मंग मी एकेक गाव आठवत बसलो. घर सोडल्यापासून ज्या गावात गेलो तिथं दूध गोडच मिळालं. इथं जेवायला कमी न्हाई, आग्रह तर बिलकुल संपत न्हाई. पण जेवता जेवता "ऊठ, आधी वैरण टाक" म्हणून कोणी वरडत न्हाई. कपाशीत फवारणीचा पंप तसाच टाकून मी आपल्या गावच्या कचरूच्या जीपमध्ये बसून जत्रेला गेल्तो, तवा दादा काय म्हणाले ते तुम्ही चुलीपाशी ऐकलंच होतं: आता ह्या घरात यायचं तर पाव्हण्यावानी यायचं. तवा मला ते सोपं वाटलं होतं.

तुमचा (दादा शेजारी असतील तर कोणाचाच नाही),
पुंजाराम

ता. क. मला घराची अजिबात आठवण येत नाही. वरच्या मजकुरावरून गैरसमज नसावा.

आणखी ता. क. येत्या बाजाराच्या दिवशी कचरूच्या जीपनं केदारखेड्याला घरी येऊन राह्यलो. कपाशी वेचायला माणसं कमी असतील, म्हणून फक्त. तुम्ही एक करा: दादाला काही शिकवू नका, पण दुधाचा पेला त्यांच्याच हातून येऊ द्या. पेटी आणणार नाही, जिभेला कळतंच. बिनसाखरेचं असलं तर पेला खाली ठेवून सरळ गोठ्यात वैरण टाकायला जाईन. गोड लागलं तर सगळं पिईन, झकास झालंय म्हणेन, न् जीप सुटायच्या आत निघेन.